पाशाला आणायला

फ्रान्समध्ये, पायरेनीजच्या डोंगरात, बेर्नेद गावाच्या डोक्यावर एक तळं आहे. ते बघायला लोक पॅरिसहून येतात, बेल्जियमहून येतात, एकदा तर कोरियाहून एक जोडपं आलं होतं. आर्लेत त्या तळ्याच्या खाली, एका सकाळच्या चढाएवढ्या अंतरावर जन्मली, आणि साठी उलटेपर्यंत तिने ते पाहिलं नव्हतं.

त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. वडील म्हणायचे, "ज्याला खाली काम नाही तो वर जातो." आर्लेतला खाली काम होतं. मेंढ्या होत्या, दूध होतं, चीज होतं आणि थोरला भाऊ मार्सिअल होता. दोघंही बिनलग्नाची. मार्सिअलचं एकदा जमलं होतं, पण ते नेमकं गवतकापणीच्या दिवसांत, तेव्हा घरचे म्हणाले पुढे बघू. पुढे कोणी बघितलं नाही. आर्लेतचं जमलंच नाही, त्यामुळे मोडण्याचा प्रश्न आला नाही.

तळ्याची वाट त्यांच्या कुरणाच्या कुंपणाला घासून जाते. उन्हाळ्यात दिवसभर माणसं जायची, पाठीवर पिशवी, दोन हातांत दोन काठ्या.

"देवाने दोन पाय धड दिलेत, तरी चार पायांवर चालतात," मार्सिअल म्हणायचा. त्याचा एक गुडघा कामातून गेला होता, त्यामुळे तो या विषयावर बोलायला मोकळा होता.

मग पलीकडच्या खोऱ्यात अस्वलाने मेंढ्या मारल्या आणि यांनी राखणीसाठी कुत्रा आणला. पायरेनीजचा पांढरा कुत्रा, पुढे वासराएवढा झाला. विकणाऱ्याने बजावलं होतं, "लाड करायचे नाहीत. त्याला माणसांपेक्षा मेंढ्या जवळच्या वाटल्या पाहिजेत." बहीणभावांनी हे काटेकोर पाळलं. ती दोघं एकमेकांचेही लाड करत नसत, त्यामुळे जड गेलं नाही. कुत्र्याचं नाव पाशा ठेवलं.

पाशाला मेंढ्या आवडत नव्हत्या. त्याला माणसं आवडायची, आणि त्यातही चालणारी माणसं. दोन वर्षं त्याने कुंपणाच्या आतून त्यांच्याकडे पाहिलं. तिसऱ्या उन्हाळ्यात लील शहराचा एक निवृत्त पोस्टमन कुंपणाला टेकून सुकं सॉसेज खायला थांबला. तो उठून निघाला तेव्हा पाशा कुंपणावरून उडी मारून त्याच्या मागोमाग निघाला. मेंढ्यांनी मान वर करून पाहिलं आणि परत चरायला लागल्या.

दुपारी फोन वाजला. पाशाच्या पट्ट्यावर नंबर होता. बोलणारा तिबो, तळ्याकाठी वाटसरूंसाठी जो दगडी निवारा आहे त्याचा रखवालदार.

"बाई, पाशा तुमचाच ना?"

"काय केलं त्यानं?"

"काही नाही. पाहुण्यांबरोबर जेवायला बसलाय."

मार्सिअलने आपल्या गुडघ्याकडे पाहिलं. आर्लेतने गमबूट चढवले, दोरी घेतली आणि निघाली.

पोचली तेव्हा ती घामाघूम झाली होती आणि सगळा चढ तिने कुत्र्याला काय बोलायचं ते ठरवण्यात घालवला होता. ते सगळं तिने बोलून टाकलं. पाशाने ऐकून घेतलं. मग तिबोने पांढऱ्या घेवड्याचं आणि कोबीचं दाट सूप पुढे ठेवलं, म्हणाला, "बसा तरी." ती एका दगडावर बसली. सूप गरम होतं, म्हणून ते निवेपर्यंत समोर बघावं लागलं. समोर तळं होतं.

ती घरी आली तेव्हा मेंढ्यांचं दूध काढायची वेळ टळून गेली होती.

"तळं आहे म्हणे तिथे?" मार्सिअलने विचारलं.

"आहे."

"कसं आहे?"

"ओलं आहे," आर्लेत म्हणाली आणि बादली उचलून गोठ्यात गेली.

त्या उन्हाळ्यात पाशा कोणाबरोबर जाईल याचा नेम राहिला नाही. एकदा गुहेच्या तोंडाशी तिकिटाच्या रांगेत सापडला. एकदा खडकांतून दोरीने पाण्यात उतरणाऱ्या पोरांच्या गाडीत मागच्या बाकावर बसून दरीत पोचला. एकदा ज्या कड्यावरून लोक कापडी पंख लावून उडतात तिथे दिवसभर बसला; प्रत्येक माणूस उडाला की एकदाच भुंकायचा. दर वेळी फोन यायचा, आणि आर्लेत जुनी व्हॅन काढून किंवा पायी त्याला आणायला जायची. गुहेवाल्याने तिला फुकट आत सोडलं. खालच्या गावात चौकात गरम झऱ्याचा हौद आहे, लोक कडेला बसून त्यात पाय सोडतात. तिथेही पाशा सापडला आणि आर्लेतने मोजे काढले. बाकीच्यांनी तिला पाय ठेवायला जागा करून दिली. एका बाईने विचारलं, "तुम्ही इथल्याच का?" आर्लेत म्हणाली, "नाही, वरची."

उन्हाळा सरत आला. एका रविवारी सकाळी सात-आठ जणांचा घोळका वाटेने येताना तिने पाहिला. पाशाही बघत होता, पण उडी मारायचं काही लक्षण नव्हतं. त्या सकाळी मेंढ्या वरच्या कुरणात होत्या. आर्लेत कुंपणाच्या फाटकाजवळ गेली, कडी काढली, आणि घरात येऊन मुरत ठेवलेलं चीज उलटायला लागली. पाशा गेला. फोन आल्यावर ती तळ्यावर गेली. परत यायला संध्याकाळ झाली.

त्या दुपारी अस्वल आलं. दोन मेंढ्या मेल्या, तिसरी कड्यावरून पडली. मार्सिअल काठी घेऊन जमेल तेवढा वर चढला होता. अस्वलाची पाठ तेवढी त्याला दिसली.

रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला, "पाशा कुठे होता?"

"तळ्यावर."

"आणि तू?"

"त्याच्या मागे." थोड्या वेळाने ती म्हणाली, "फाटकाची कडी मीच काढली होती, मार्सिअल."

त्याने पाव मोडला, सुपात बुडवला, खाल्ला.

"मला वाटलंच."

"कधीपासून?"

"गमबूट सोडून तू ते चढायचे बूट आणलेस तेव्हापासून. म्हणे गोठ्यात घालायला. गोठ्यात एकदा तरी घातलेस का?"

आर्लेतला रडू आलं नाही, पण तिला जेवणही गेलं नाही. त्याने ओरडावं म्हणून ती थांबून राहिली. तो ओरडला नाही, ताटली पुसून उठला. सकाळी ती उठली तेव्हा तो लंगडत कुंपणाच्या तारा ताणत होता. तिने दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून पूर्ण कुंपण उंच केलं. मग तिने पाशाला साखळी घातली आणि बूट कपाटाच्या वर टाकले. राखणीला एक नवी कुत्री आणली, मार्कीज. ती दिसेल त्याच्यावर दात विचकायची, मार्सिअलवरही. मेंढ्या खूश होत्या.

हिवाळा गेला. बर्फ वितळून वाट मोकळी झाली, पहिल्या काठ्यांची टकटक ऐकू आली. पाशा साखळीच्या टोकापर्यंत यायचा आणि तिथे बसायचा. आर्लेत त्या बाजूला बघायची नाही.

मे महिन्यात एकदा जेवताना मार्सिअल म्हणाला, "त्या तळ्याजवळ बसायला काही आहे का?"

"दगड आहेत."

"पाठ टेकायला?"

"तसेही आहेत."

"हं." त्याने सुरी पुसली. "माझा गुडघा तिथवर जाणार नाही."

"नाही जायचा."

"मग काय करू? गुडघा इथे ठेवून जाऊ?"

आर्लेतने त्याच दिवशी तिबोला फोन केला. तिबोने सांगितलं, खालच्या शहरात एक मंडळ आहे, त्यांच्याकडे एका चाकाची खुर्ची असते. पुढे-मागे दांडे असतात, चौघं-पाचजण ओढतात आणि सावरतात. ज्यांना चालता येत नाही त्यांना डोंगरावर नेतात. जूनमधल्या एका शनिवारी मंडळाची माणसं आली: एक दातांचा डॉक्टर, दोन नर्स, शाळेच्या बसचा ड्रायव्हर आणि त्याचा जाडजूड मेव्हणा.

मार्सिअल अंत्यविधीला घालायचा काळा कोट घालून तयार होता. त्याच्याकडे दुसरा कोट नव्हता. खुर्चीत बसून पट्टा बांधल्यावर तो म्हणाला, "पाडाल तर याच कपड्यात पुरा. बदलायची कटकट नको."

गावातून निघाले तेव्हा पाववाला दारात उभा होता.

"काय मार्सिअल, लग्नाला चाललास का?"

"होय. नवरी वर थांबलीय. तुला आमंत्रण नाही."

पहिल्या चढावरच मेव्हण्याला धाप लागली. "आजोबा, तुम्ही खाता तरी काय?"

"चीज. तुलाही देणार होतो, पण आता विचार करतो."

वाटेतल्या प्रत्येक दगडाला त्याने नावं ठेवली, डॉक्टरला डावीकडे ओढ म्हणाला, नर्सला म्हणाला की गाढव बरं पडलं असतं. नर्स म्हणाली, "गाढवाने तुमचं एवढं ऐकून घेतलं नसतं." आर्लेत मागून चालत होती, कपाटावरचे बूट घालून. पाशा मोकळा होता. तो सगळ्यांच्या पुढे होता.

तळं आलं. खुर्ची काठावर टेकवली. वारा नव्हता आणि पलीकडच्या उतारावरचा उरलेला बर्फ पाण्यात उलटा दिसत होता. मंडळाची माणसं मार्सिअलच्या तोंडाकडे बघत उभी होती. त्यांना सवय असावी की अशा वेळी लोक काहीतरी बोलतात. तिबोने त्याला दुर्बीण दिली, वरच्या कड्यावर डोंगरी हरणं दिसतात म्हणून. मार्सिअलने ती उलट्या दिशेला, खोऱ्याकडे लावली.

"ते आपलं छप्पर ना?"

"आपलंच," आर्लेत म्हणाली.

"उत्तरेकडच्या दगडी पाट्या सरकल्यात. पाऊस आत जाणार." त्याने दुर्बीण परत दिली. "हे खालून कधी दिसलं नसतं."

सूप आलं, वाइन आली. मंडळाची माणसं गवतावर आडवी झाली. मेव्हणा घोरायला लागला.

"तू कुठे बसायचीस?" मार्सिअलने हळूच विचारलं.

तिने दगड दाखवला. तो म्हणाला, मला तिथे बसव. तिने आणि तिबोने धरून त्याला खुर्चीतून दगडावर नेलं. दगडाला पाठ टेकायला जागा होती. आर्लेत शेजारी बसली.

"इथे काय करायचीस?"

"काही नाही."

"संध्याकाळपर्यंत?"

"पाशा सापडेपर्यंत."

"तो कुठे असायचा?"

"इथेच. माझ्या पायाशी."

मार्सिअलने मान हलवली. "मग बरोबर आहे," तो म्हणाला. "शोधायला वेळ लागतोच."

दोघं बराच वेळ तशीच बसून होती. उन्हं कलली तसं आर्लेतने कोटाची कॉलर त्याच्या मानेवर नीट केली; आयुष्यात तिने हे पहिल्यांदाच केलं असावं. त्याने हात झटकला नाही.

उतरताना तो खुर्चीत झोपला. मंडळाची माणसं आपोआप हळू बोलायला लागली आणि मेव्हण्याने खुर्चीला धक्का बसू नये म्हणून मोठा दगड उचलून बाजूला ठेवला. घराशी पोचल्यावर जाग आली तेव्हा मार्सिअल भयंकर रागावला. म्हणाला, अर्धी वाट तुम्ही मला दाखवलीच नाही, ही फसवणूक आहे, पुन्हा यावं लागेल. डॉक्टरने ऑगस्टमधला एक शनिवार सुचवला. मार्सिअल म्हणाला, विचार करून सांगतो, आणि लगेच हो म्हणाला. मग त्याने मेव्हण्याला आत बोलावून सगळ्यात मोठं चीज त्याच्या हातात दिलं.