आडवी पेटी

"पेटी उभी केली तर काय आभाळ कोसळणार आहे, आई?" सुनेने कंप्युटरला हातही घातला.

"हात काढ! चालू आहे तो. आणि बंद असला तरी उभा करायचा नाही. इतकी वर्षं आतली डिस्क आडवी फिरली, आता म्हातारपणी तिला उभं करता?"

"डिस्कबद्दल बोलतेयस की स्वतःबद्दल?" पेपरामागून मुलगा हसला.

"तू गप्प बस. बायकोची वकिली करतोयस!"

सून तशी वाईट नव्हती. नातीला अभ्यासाला जागा हवी होती. पेटी भिंतीला लागून उभी करायची, कंप्युटरचा पडदा स्टुलावर ठेवायचा आणि टेबल नातीला द्यायचं, असं नवराबायकोने परस्पर ठरवून टाकलं होतं. स्टुलासमोर बसून टायपिंग होत नाही, हे सासूबाईंना न सांगता कळत होतं.

सगळी गल्ली त्यांना टायपिंगबाई म्हणायची. पेटी आडवी मांडली ती त्यांच्या नवऱ्याने. वर पडदा चढवून, दोन पावलं मागे सरकून म्हणाला होता, "बघ, राणीसारखी ताठ बसशील." तो गेल्यावर याच टेबलाने घर चालवलं. मोठमोठे प्राध्यापक कागदांची चळत घेऊन दारात ताटकळायचे. त्यांचं अक्षर लावता लावता दूध उतू जायचं. ट्रेमध्ये गाण्यांची सीडी, टेबलाखाली पायांशी खेळणारा मुलगा, आणि बोटं आपली धावताहेत.

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो आपलीच बाजू घेणार, अशी बाईंची खात्री.

"काकू, डिस्कला आडवं काय, उभं काय, सारखंच," तो म्हणाला. "फक्त चालू असताना हलवू नका आणि तिरकी ठेवू नका. सीडी तेवढी या खाचांत अडकवा, नाहीतर उभ्या ट्रेमधून घसरेल."

त्याने कंप्युटर बंद केला, पेटी उभी केली, पुन्हा चालू केला. पेटी नेहमीसारखीच गुरगुरली. बाईंना त्याचंच वाईट वाटलं. निदान थोडं तरी कुरकुरायचं!

दुरुस्तीवाला गेला. सून हलक्या आवाजात म्हणाली, "मग टेबल रिकामं करू ना, आई?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि बसल्या.

"पेटी राहू दे उभी. डिस्कचं मी उगाच पुढे केलं. टेबल मला हवंय. पोरीसाठी दुसरं आणा. सोमवारपासून मी पुन्हा टायपिंगची कामं घेणार आहे."