झालं व्हय बोलून?

मी चिडवलं की "झालं व्हय बोलून?" एवढंच ती विचारायची. आवाज न चढवता, बुटाची नाडी आवळता आवळता. मग उत्तराची वाट न बघता पळायला लागायची.

साताऱ्यात पोलीस भरतीच्या क्लासला आम्ही एका बॅचला होतो. सकाळी मैदान, दुपारी गणित. ती म्हसवडकडची, मेंढपाळाच्या घरातली. मी कऱ्हाडकडचा, उसाच्या पट्ट्यातला, वडील माजी सैनिक. यंदा भरती झाली नाही तर लग्न, असं तिला घरून सांगितलेलं होतं. हे ती मैत्रिणीला सांगत असताना मी ऐकलं. तिचं सगळंच मी कान देऊन ऐकायचो.

कारण ती मला आवडायची. आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी तिच्याशी होईल तितकं वाईट वागलो. अशी मुलं तुम्हीही पाहिली असतील. ती वर्गात आली की मी नाक दाबायचो, बॅचच्या ग्रुपवर मेंढीचे फोटो टाकायचो. पोरं हसायची, आणि मला वाटायचं, आपलं गुपित चांगलं झाकलंय.

ती मात्र राग लपवत नसे. मी शेजारी बसलो की वही उचलून मागं जायची. एकदा सरावात तिनं फेकलेला गोळा माझ्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. सॉरी म्हणाली नाही.

एके दिवशी तिचे वडील भेटायला आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. मी फाटकापाशी उभा राहून मेंढरासारखा ओरडलो. म्हाताऱ्याला वाटलं, लेकीच्या सोबत्यांची थट्टा असेल. ते हसले. ती हसली नाही.

त्यांना स्टँडवर सोडून ती परत आली आणि भर वर्गात माझ्या बाकापुढं उभी राहिली.

"तुला मी आवडते, हे समद्यांना ठावं हाय," ती म्हणाली. "आमाला काय येडं समजतोस व्हय? मला तू आवडत न्हाईस. आन् आज माझ्या आबाला हसलास. आता तुझं तोंडबी बघायचं न्हाई मला."

कुणी हसलं नाही. मी उगाच वहीची पानं उलटत राहिलो. माफी मागायची रोज ठरवायचो आणि रोज ती समोरून निघून गेल्यावर स्वतःलाच शिव्या घालायचो.

त्या भरतीत तिची निवड झाली. मी धावण्यातच मागं पडलो. ती स्टीलच्या डब्यात पेढे घेऊन वर्गात आली. माझ्यापाशी आली तेव्हा मी उठून उभा राहिलो. 'चुकलं माझं' हे दोन शब्द अगदी ओठांवर होते. तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला, सगळ्यांच्या हातावर ठेवला तसाच, आणि पुढच्या बाकाकडं वळली.

डबा रिकामा झाल्यावर तिनं तो खिडकीपाशी बाटलीतल्या पाण्यानं विसळला, पिशवीत घातला, सरांच्या पाया पडली आणि गेली. मी अजून उभाच होतो.