माझ्या नडगीवर बाबांचे हात

डावी नडगी दुखायला लागली तेव्हा मी अकरावीत होते आणि डोंबिवलीतल्या एका क्लबकडून खो-खो खेळत होते. खुंटाजवळ सूर मारून गडी बाद करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं आमचे सर म्हणायचे. जिल्ह्याच्या संघाची निवड तीन-चार महिन्यांवर आलेली. अशा वेळी दुखणं कुणी सांगत नाही. मी फक्त बाबांना सांगितलं, तेही जिना उतरताना त्यांनी मला कठडा धरताना पाहिलं म्हणून.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होते. कामावरून यायचे, जेवायचे, झोपायचे. बोलणं कमीच. त्यांच्या शेजारच्या मशीनवरच्या काकांची कंबर नौपाड्यातल्या एका बाईंच्या ऊर्जा उपचारांनी सुधारली होती. त्या बाई रविवारी दवाखान्यावरच्या एका खोलीत ध्यान आणि हे उपचार शिकवायच्या. पहिल्या रविवारी बाबा काकांना सोबत म्हणून गेले, दुसऱ्या रविवारी आपले आपण. घरी येऊन आईला सांगायला लागले की आपल्या तळहातातून ऊर्जा वाहते, आपल्याला ती नुसती ओळखता यायला हवी.

"मग गॅस संपला की तुमचे हात कुकरखाली धरते," आई म्हणाली. बाबा हसले. ते हसले म्हणून आम्हीही हसलो.

त्यानंतर रोज संध्याकाळी, मी सरावाहून आले की, बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसायचे. पाय उशीवर. बाबा तळवे एकमेकांवर चोळायचे आणि नडगीच्या दोन्ही बाजूंनी धरायचे. लोखंडाचा कीस लागून लागून त्यांच्या हातांवर बारीक काळे डाग पडलेले. डोळे मिटून दहा-पंधरा मिनिटं ते तसेच बसत.

"काय वाटतंय?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं.

काहीच वाटत नव्हतं. पण परीक्षेचा निकाल ऐकायला थांबलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"गरम वाटतंय," मी म्हणाले. "जरा बरं वाटतंय."

ते इतके खूश झाले की त्या दिवशी चहाही त्यांनीच केला.

मला ते ध्यानालाही बसवायचे. सकाळी वीस मिनिटं, श्वासाकडे लक्ष देत. त्याचा उपयोग झाला, हे मी आजही सांगेन. चौकोनात बसलं की पाठीमागून खो कधी मिळेल ते कळत नाही, आणि मी नेहमी घाईने खो मिळायच्या आधीच उठायचे. ध्यानाला बसायला लागल्यापासून ते थांबलं. कान उघडे ठेवून मी शांत बसू शकायचे. सरांच्याही ते लक्षात आलं. बाबांना वाटलं, हे सगळं एकच आहे, मन बरं झालं तसा पायही होतोय. त्यांचं तसं वाटणं मोडेल असं मी काही बोलले नाही.

पायाचं दुखणं मात्र वाढतच होतं. सकाळी पहिली चार पावलं टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. आईने ते एकदा पाहिलं.

"अहो, हिला घेऊन जा आणि एकदा फोटो काढून आणा पायाचा."

"कमी होतंय म्हणते ती. तिलाच विचार."

दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, "कमी आहे गं, आई."

निवडीचे सामने ठाण्यात होते. बाबांनी सुट्टी टाकलेली. दुसऱ्या डावात मी खुंटाजवळ सूर मारला, गडी बाद झाला, आणि उठून वळताना सगळा भार डाव्या पायावर आला. आवाज मला ऐकू आला. पडल्यावर पहिले धावत आले ते बाबा. मातीत गुडघे टेकून त्यांनी तळवे चोळले आणि माझ्या पायाकडे नेले.

सरांनी त्यांचं मनगट धरलं. "हात नका लावू. हाड मोडलंय."

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, किती दिवस दुखत होतं. बाबा म्हणाले, "तीन महिने. पण कमी होत होतं, साहेब." डॉक्टर म्हणाले की हाडाला आधीपासून बारीक चीर असणार, नुसती विश्रांती दिली असती तरी बहुतेक भरून आली असती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे बघत होते.

पायात रॉड घातला. पुढे चालायला लागले, धावायलाही, पण खो-खो परत खेळले नाही. बी.कॉम. केलं, कल्याणला एका ऑफिसात लागले, लग्न झालं. बाबांनी नौपाड्याला जाणं सोडलं. इमारतीतल्या एका काकूंनी खांद्यासाठी विचारलं तर म्हणाले, "मला येत नाही ते." सकाळचं बसणं मात्र सोडलं नाही. निवृत्तीनंतरही चहाच्या आधी, खिडकीपाशी, तळवे उघडे ठेवून.

दोन वर्षांपूर्वी त्यांचे डोळे तपासायला आम्ही नौपाड्यात गेलो होतो. बाहेर पडल्यावर ते एका इमारतीसमोर थांबले.

"इथेच शिकलो," ते म्हणाले. "आणि तुझं नुकसान केलं."

इतक्या वर्षांत याबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते. मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवावं.

"बाबा, तुमची चूक नव्हती. मी खोटं बोलत होते. मला कमी वाटतच नव्हतं."

"शेवटी शेवटी?"

"नाही. पहिल्या दिवसापासून."

 ते हळू आवाजात म्हणाले, "ते गरम वाटायचं म्हणायचीस, ते?"

"तेही नाही, बाबा."

"बरं झालं, सांगितलंस," ते म्हणाले आणि रिक्षाला हात केला.

रिक्षात बसल्यावर मला कळलं, मी काय केलं ते. माझ्या पायाचा दोष ते इतकी वर्षं स्वतःकडे घेत आले होते. पण थोडे दिवस का होईना, आपल्या हातांनी मुलीचं दुखणं कमी झालं होतं, एवढं त्यांच्याजवळ शिल्लक होतं. तेच मी काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी ध्यानाला बसेनासे झाले. आईने मला फोन केला. "तू काही बोललीस का त्यांना? नुसता पेपर घेऊन बसतात. वाचतही नाहीत." मी म्हणाले, काही नाही.

पुढच्या रविवारी माहेरी गेले. आई बाजारात गेलेली होती. मी बाबांजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "डोकं फार दुखतंय. थोडा वेळ हात ठेवाल?"

डोकं दुखत नव्हतं.

ते उठले. कपाटातला डबा काढला, नंबराचा चष्मा लावून गोळीचं नाव नीट वाचलं आणि पाण्याचा पेला घेऊन आले. मी गोळी गिळेपर्यंत समोर उभे राहिले.

"पड जरा," ते म्हणाले आणि पंखा वाढवून आत गेले.