दारातली आवस

आजही कुणी कोकणी माणूस ‘आवस’ म्हणाला की ती घटना जशीच्या तशी आठवते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी गिरगावात फौजदार होतो. रोज मोर्चा, रोज बंदोबस्त, जेवायचीसुद्धा भ्रांत. गावी माझी आई एकटी होती आणि तिला भेटून दोन वर्षं उलटली होती. रजेचा विषय काढायची सोय नव्हती.

अशाच एका दुपारी एक चित्रकार धापा टाकत ठाण्यात आले. ‘‘साहेब, माझी अमावस्या चोरीला गेली!’’

‘‘बसा. पुढच्या महिन्यात येईल परत,’’ मी म्हणालो. उपाशी माणूस तिरकस बोलतो.

फिर्याद अशी होती. एका नामवंत गवयाने या चित्रकारांना आपल्या लहानपणच्या आठवणी सांगितल्या होत्या. बुवा लालबागच्या चाळीत वाढलेले. त्या आठवणींवर चित्रकारांनी डझनभर चित्रं काढली आणि गिरगावातल्या एका सभागृहात मांडली. त्यातलं ‘आवस’ नावाचं चित्र गेलं होतं. चाळीतलं एक उघडं दार आणि दारात दाटलेला काळोख, एवढंच त्यात होतं.

‘‘बुवा म्हणाले, संध्याकाळ झाली की दारात आवस,’’ चित्रकार सांगू लागले. ‘‘मी म्हटलं, वा! दारात येऊन बसलेली अमावस्या! काय कल्पना आहे!’’

मी हूं हूं म्हणत लिहून घेतलं. अमावस्येला अवस म्हणतात, आवसही म्हणतात. माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही.

पंचनामा केला. खिडक्या शाबूत, कुलूप शाबूत. खालून मोर्चा चालला होता तेव्हा सगळे सज्जात धावले होते आणि तेवढ्या वेळात भिंतीवर नुसता खिळा उरला होता. मग दारावरच्या शिपायाचा जबाब घेतला. तो घाटावरचा. म्हणाला, ‘‘एक गिरणी कामगार तीन दिवस येत होता, साहेब. केसांत कापूस, बोटांना रंग. त्या एकाच चित्रापुढं उभा राहायचा अन् मला इचारायचा, ‘ह्येच्यात आवस खंय आसा?’ मी म्हटलं, हे काळं दिसत न्हाय का तुला? तर डोळं पुसत गेला. येडाच असंल.’’

मी टाक खाली ठेवला. अहो, आमच्या मालवणीत आवस म्हणजे आई! मुंबईत लोक हसतात म्हणून मी तो शब्द टाकून दिला होता. चारचौघांत मी ‘मातोश्री’ म्हणत असे. स्वतःच्या आईचा शब्द मला शिपायाच्या तोंडून ऐकावा लागला, याची लाज वाटली.

बुवा उत्तरेकडच्या मैफली आटोपून त्याच सकाळी परतले होते. चित्रं त्यांनी अजून पाहिली नव्हती. मी त्यांच्या घरी जाऊन सरळ विचारलं, ‘‘बुवा, दारात कोण बसायचं?’’

‘‘आवस. माझी आई.’’

‘‘चित्रात अमावस्या आहे.’’

बुवा आधी हसले, मग सांगू लागले. ‘‘तिचा एकही फोटो नाही. चेहरा सांगू शकेल असा एकच माणूस आहे, माझा थोरला भाऊ. लालबागला गिरणीत आहे, गणपतीच्या देखाव्यांचे पडदे रंगवतो. मी नवव्या वर्षी गुरुजींबरोबर घर सोडलं. आवस गेली तेव्हाही आलो नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.’’

मुद्देमाल ओळखायला चित्रकारांना आणि भावाचं घर दाखवायला बुवांना घेऊन मी लालबागला गेलो. दार भावानेच उघडलं. हातात कुंचला होता. मला बघून तो जरासुद्धा दचकला नाही.

‘‘सायबानू, चोरूक नाय मी. आवशीक बसवूक हाडलंय. आयतवारी परत नेवन लावतलंय.’’ म्हणजे आईला चित्रात बसवायला ते आणलं होतं, रविवारी परत नेऊन लावणार होता. मग चित्रकारांकडे बघून म्हणाला, ‘‘दार झ्याक काढलास. पण माणूसच इसारलास!’’

चित्र भिंतीला टेकवलेलं होतं. काळोखाच्या जागी उंबऱ्यावर एक बाई बसली होती. गुडघ्याला हाताची मिठी, नजर जिन्याकडे. चित्रकार तावातावाने पुढे झाले आणि तिथेच थांबले.

बुवा चित्राजवळ गेले. ‘‘दादा, आवशीचे केस काळे होते.’’

‘‘तू गेलंस तेव्हा काळे होते. मगे बारा वर्सां ती थंयच बसान रवली.’’

‘‘माझी वाट बघत?’’

‘‘नाय तर कोणाची? माझी? मी घरातच होतंय.’’

बुवा चित्रापुढे बसले आणि लहान मुलासारखे रडले. भावाने कुंचला धुऊन ठेवला, हात पुसले आणि मग एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला. मी पंचनाम्याचा कागद घडी करून खिशात घातला. आरोपीला अटक झाली असती तर त्याची गिरणीतली नोकरी गेली असती, हे मला ठाऊक होतं. चित्रकारांनीच विषय संपवला. म्हणाले, ‘‘चूक माझ्या कानांची. चित्र आता यांचंच.’’ चोरीचा इरादा नव्हता, असा अहवाल मी वर पाठवला आणि तो मंजूर झाला.

माणूस बोलतो तेव्हा कोणत्या गावचं बोलतो ते आधी ऐकावं, हे मी त्या तपासात शिकलो. पुढे ते कितीदा तरी कामी आलं. पण तेव्हा मला तपासाचं काही सुचत नव्हतं. ठाण्यात येऊन आधी रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी हातून एकच शब्द लिहिला गेला: आवस. कारकून म्हणाला, ‘‘साहेब, अमावस्येची रजा मिळत नाही.’’

मी हसलो, पण तो शब्द खोडला नाही. बंदोबस्त उठल्यावर रजा मिळाली. गावी पोचलो तर आवस दारातच बसली होती. ‘‘इलंस?’’ एवढंच म्हणाली आणि सरकून मला उंबऱ्यावर जागा दिली.

तिला जाऊन आता खूप वर्षं झाली. तिचाही फोटो नाही, आणि मला चित्र काढता येत नाही.