अप्पांना चाचांचा राग का यायचा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. ही पोरगी नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच जन्माला आली, असं माझी आई, अव्वा, म्हणायची. त्यामुळे रागाबद्दल कुणी शहाणपण सांगू लागलं की माझे कान टवकारतात. पुढे मास्तरीण व्हायला ट्रेनिंगला गेले, तिथे मानसशास्त्राचा तास असे. शिकवणाऱ्या बाई सांगत, मनासारखं झालं नाही की माणूस चिडतो, आणि ज्याच्यावर चिडायचं तो वरचढ असला की तो राग दुबळ्याच्या अंगावर निघतो. साहेबाचा कारकुनावर, कारकुनाचा बायकोवर, बायकोचा पोरावर. आम्ही माना डोलावल्या. वड्याचं तेल वांग्यावर, हे आम्हाला काही नवं नव्हतं. पण मी मनातल्या मनात माझ्या वडिलांना, अप्पांना, त्या सांगण्यात बसवून पाहिलं आणि ते काही बसेनात. अप्पांच्या तर मनासारखंच झालं होतं. आम्ही सगळी जिवंत होतो.

आमचं गाव निजामाच्या मुलखातलं, कल्याण आणि कोहिनूर या दोन गावांच्या मधलं, काळ्या रानाचं. घरात लिंगपूजा झाल्याशिवाय कुणाच्या तोंडात घास जात नसे. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि सरकारी कागद आला की उर्दू. आमच्या भिंतीला भिंत लागून एका पिंजाऱ्याचं घर होतं. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. घरात ते, चाची आणि माझ्याच वयाची त्यांची मुलगी. शेत त्यांना नव्हतं. गावोगाव फिरून कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, हेच काम. कापूस पिंजायच्या धनुकलीची तात वाजू लागली की चाचा घरी आले हे शेजारपाजाऱ्यांना कळायचं.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे येळवस असते. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळी माणसं रानात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करतात, चुन्याने रंगवलेल्या पाच दगडांना पांडव म्हणून पूजतात आणि मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील पोटाला तडस लागेपर्यंत खातात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्याने बोलवायचं. बांधावर आलेल्या माणसाला, मग तो कुणी असो, उपाशी जाऊ द्यायचं नाही. चाचांचं कुटुंब दरसाल आमच्या शेतात यायचं. एरवी त्यांच्या हातचं पाणी आम्हाला चालत नसे, त्या दिवशीसुद्धा पंगत जराशी वेगळी, बोरीच्या झाडाखाली. पण वाढायला अप्पा स्वतः उठायचे. ‘भाई, लाजू नको,’ म्हणत उंड्यावर उंडा टाकायचे.

मग रझाकारांचे दिवस आले. अप्पांच्या घरात तिरंगा लपवलाय, अशी कुणीतरी चुगली केली आणि टोळी गावात शिरली. चाचांनी आम्हा सगळ्यांना मागच्या दाराने आपल्या घरात ओढून घेतलं, कापसाच्या ढिगामागे बसवलं आणि स्वतः उंबऱ्याशी पिंजत बसले. टोळीने विचारलं तेव्हा, हे लोक कालच सोलापूरकडे गेले, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. वर चाचीने त्यांना पाणी दिलं. माझा घसा कोरडा पडला होता. अव्वाने गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि चाचांच्या घागरीतलं पाणी मला पाजलं, मग स्वतः प्याली. अप्पाही प्याले.

काही महिन्यांनी हिंदुस्थानची फौज आली. रझाकार पळाले, आणि जे कधीच रझाकार नव्हते त्यांच्या घरांवर माणसं चालून जाऊ लागली. बाहेरगावची होती, असं पुढे सगळेच म्हणाले. त्यातली बरीच आमच्या वेशीच्या आतलीच होती.

दिवेलागणीची वेळ होती. मागच्या दारावर थाप पडली.

“अप्पा, मी हाय. पोरगी हाय संगं.”

अप्पा दारामागेच उभे होते, कडीवर हात ठेवून. वेशीकडून आरडाओरडा जवळ येत होता. अव्वाने माझ्या तोंडावर तळवा दाबला होता आणि त्याला हळदीचा वास येत होता. अप्पांनी कडी काढली नाही. चाचांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. थोडा वेळ पलीकडे कुणीतरी धापा टाकत होतं, मग दारापासची पावलं लांब गेली.

ती तिघं जोंधळ्याच्या रानातून निसटली. जाताना चाचांच्या उजव्या हातावर काठी बसली. सगळं निवल्यावर ते परत आले तेव्हा त्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. घरात भांडं राहिलं नव्हतं. धनुकली कुणीतरी चुलीला लावली होती, आणि असती तरी त्या हाताला पेलली नसती. चाची लोकांच्या वाकळा शिवू लागली. त्यावर त्यांचं घर चालायचं.

चाचा आमच्याकडे आले, ओसरीच्या खाली उभे राहिले आणि अव्वाला विचारलं, “समदी बरी हाव न्हवं?” दाराचा विषय त्यांनी काढला नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही.

अप्पांचा राग तिथून सुरू झाला. त्याआधी बैलालासुद्धा शिवी न देणारा हा माणूस. चाचांच्या शेळीने आमच्या भिंतीला अंग घासलं तरी आरडाओरडा करायचे. त्यांच्या मोरीचं पाणी आमच्या बाजूला आलं, चाचा पहाटे खोकतात, चाचीच्या चुलीचा धूर आमच्याच घरात शिरतो, काहीही पुरायचं. एकदा कडब्याच्या गंजीतल्या पेंढ्या कमी वाटल्या तर चाचांना चारचौघांत चोर म्हणाले. पेंढ्या दुसऱ्या दिवशी सापडल्या, गड्याने पलीकडे रचल्या होत्या. त्याचा राग अप्पांनी चाचांवरच काढला. चाचा प्रत्येक वेळी एकच म्हणायचे, “चुकलं अप्पा.” ते ऐकलं की अप्पा जास्तच पेटायचे. समोरच्याने एक तरी शिवी परत द्यावी म्हणून ते तडफडत होते, असं मला आज वाटतं.

अव्वा एकदाच बोलली. अप्पा भांडून घरात आले होते. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाली, “त्येनं काय केलंय तुमाला? केलाव तर तुमीच.”

अप्पांनी तांब्या भिरकावला. पण तिच्या अंगावर नाही, भिंतीवर.

ट्रेनिंगच्या पुस्तकात नव्हतं ते अव्वाला कळलं होतं. आपलं ज्याने वाईट केलं त्याचा राग येतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे. आपण ज्याचं वाईट केलं त्याचाही येतो, आणि तो जास्त येतो. कारण तो माणूस भला असेल तर आपण कोण ठरतो? अप्पांना चाचा चोर हवे होते, घाणेरडे हवे होते, भांडखोर हवे होते. तसे ते निघाले असते तर दार लावलेलं बरोबर ठरलं असतं. आणि चाचा काही केल्या वाईट निघेनात. रोज सकाळी तीच दोन ताठ बोटं घेऊन समोरून जायचे, वर ‘अप्पा’ म्हणून हाक मारायचे.

मी तरी कुठे वेगळी होते. चाचांची मुलगी माझी मैत्रीण, पण ती जवळ आली की मला उगाच चीड यायची. तिच्या अंगाला वास येतो असं मी आडावर सगळ्या मुलींना सांगितलं. वास कसला यायचा? बापाचं बघून मीही शिकले होते.

येळवसेला अप्पा चाचांना बोलवेनासे झाले. आमची गाडी निघायची तेव्हा सगळ्या गावात धूर फक्त त्यांच्या घरातून यायचा. मी गाडीतून तिकडे बघायचे नाही. काही वर्षं अशीच गेली. मग एका येळवसेला आम्ही रानात पूजा आटोपून बसलो होतो, तर बांधावरून तिघं येताना दिसली. अव्वाने आदल्या दिवशी जाऊन बोलावणं केलं होतं. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही. येळवसेच्या दिवशी बांधावरचा माणूस परत पाठवणं अप्पांच्याने होणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“या,” अप्पा म्हणाले.

चाचा बोरीखाली बसले. अप्पांनी वाढलं, कारण मालकानेच वाढायचं असतं. भज्जी, उंडा, द्रोणात आंबील. डाव्या हाताने चाचा कधी जेवायचे नाहीत, आणि उजव्यात द्रोण धरता येईना. तो कलंडला. आंबील मनगटावरून ओघळून मातीत गेली, सदऱ्यावर सांडली. चाचीने पुढे होऊन पुसायला पदर घेतला.

“नीट खाता येत न्हाई का तुला?” अप्पा ओरडले. “सणासुदीचं अन्न मातीत घालायलास!”

बाजूच्या कोपीतली माणसं वळून बघू लागली. चाचांची मुलगी रडायला लागली. अप्पा हातात आंबिलीचं मडकं घेऊन उभे होते आणि त्यांची नजर त्या दोन बोटांवरून हलत नव्हती. चाचांनी हात सदऱ्याला पुसला. त्यांनी अप्पांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार. बोलावं असं मला मनापासून वाटत होतं.

“अप्पा, किती दिस तरास करून घेता जिवाला?” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमच्या जागी मी असतो, तर मीबी दार उघडलो नसतो.”

ते खोटं होतं. तिथं बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. टोळी दारात असताना आपलं दार उघडणारा गावातला एकच माणूस, आणि तोच आमच्या बोरीखाली बसून हे सांगत होता. अव्वाने अप्पांकडे पाहिलं. अप्पा ते खोडून काढतील याची ती वाट बघत होती. मीही बघत होते.

अप्पांनी मडकं खाली ठेवलं. त्यांच्या कपाळावरची ताठलेली शीर हळूहळू सैल पडली.

“व्हय,” ते म्हणाले. “कुनीच उघडलं नसतं.”

आणि नवा द्रोण घेऊन त्यांनी चाचांना आंबील वाढली, स्वतःच्या हाताने तो धरून ठेवला, आणि चाचा प्याले. मी तोंडात घास घेऊन बसले होते. तो मी चावला आणि गिळला.

त्या दिवसानंतर अप्पांनी चाचांवर कधी आवाज चढवला नाही. शेळी अंगणात आली तर नुसतं हुसकायचे. पुढच्या उन्हाळ्यात ती तिघं गुलबर्ग्याला चाचीच्या भावाकडे राहायला गेली, तेव्हा अप्पांनी आपली गाडी दिली, ज्वारीचं पोतं दिलं, वेशीपर्यंत पोचवायला गेले. जुना विषय निघाला की, तो काळच तसा होता, कुनीच दार उघडलं नसतं, असं शांतपणे सांगायचे. सांगता सांगता त्यांचाही त्यावर विश्वास बसला. गाव त्यांना देवमाणूस म्हणू लागलं. अव्वा तेवढी अशा वेळी उठून आत जायची.

मला अप्पा आठवतात ते भिंतीपलीकडे शिव्या देणारे, तांब्या फेकणारे. तेव्हा आम्हा सगळ्यांना त्यांचा राग कधी जाईल असं झालं होतं. पण तो होता तोवर त्यांना ठाऊक होतं, आपण काय केलं ते.