न शिवता फिरणारी मोटार

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या मागांच्या निम्म्या मोटारी माझ्या हातून फिरल्या. उरलेल्या निम्म्या फिरल्या, कारण त्यांना मी हात लावला नव्हता.

नवी पेठेमागच्या बोळात करीमचाचांचं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान होतं. मी तिथला हरकाम्या. कोपऱ्यात जळक्या तारांची वेटोळी साचायची आणि माझ्या डोक्यात किस्से. तारा भंगारवाला न्यायचा. किस्से कोण नेणार?

एकदा सकाळीच नरसक्का मागाची जळकी मोटार हातगाडीवर घालून आली. घरात एकच माग, त्यावर व्यापाऱ्याचं सूत चढलेलं. संध्याकाळपर्यंत माग चालू झाला नाही तर सूत उतरवून दुसऱ्याला देतो, असं तो बजावून गेलेला. अक्का उंबऱ्यात बसली ती हलेचना. चाचा तार गुंडाळायला लागले, आणि मी अक्काचा जीव रमवायला.

"अक्का, चाचांकडं किब्ला, म्हंजे नमाजाची दिशा बघायचं होकायंत्र हाय. एकदा मी ते गुपचूप बॅटरी चार्जिंगच्या तारेखाली सारलं. सुई गर्रकन आडवी."

"मग चाचा आडवे बसले व्हय?"

चाचा मान वर न करता म्हणाले, "सुई फिरी तो मैं बी फिरूं क्या? मेरेकू दीवार मालूम है."

पण होकायंत्राच्या त्या दुपारी चाचा स्वतःच बटण चालू-बंद करत बसले होते. चालू केलं की सुई वळायची, बंद केलं की परत जागेवर. तार सुईला शिवतसुद्धा नव्हती. शेवटी हळूच म्हणाले, "तार के बाहर बी कुछ चलता है रे."

मग मी अक्कापुढं बार्शी रोडचा किस्सा काढला. अंधार पडत होता. आमच्या दुकानातला मल्लप्पा खांद्यावर ट्यूबलाईट घेऊन विजेच्या मोठ्या लाईनीखालून माझ्याबरोबर चाललेला. ट्यूब खांद्यावरच मिणमिणायला लागली. ना वायर, ना होल्डर. मल्लप्पा जागीच थिजला.

मी म्हटलं, "मल्लप्पा, तुझी पुण्याई पेटली की."

"मग तू धर. विझते का बघू."

धरली. विझली नाही. देवळात उभं राहावं तसे आम्ही दोघं त्या उजेडाकडं बघत उभे राहिलो.

अक्का हसली नाही. "मोटार कवा?" एवढंच विचारलं.

उन्हं उतरता उतरता चाचांनी मोटारीत रोटर, म्हणजे मधला फिरणारा गाभा बसवला. अक्का वाकून बघायला लागली. "ह्या मधल्याला तार न्हाय जोडली?"

"जोडायचीच नसते, अक्का," मी म्हटलं. "बाहेरच्या वेटोळ्यात करंट गेला की मधल्या फटीत काहीतरी गरगरतं, ते ह्याला फिरवतं. सगळी ताकद त्या कागदाच्या जाडीएवढ्या फटीतून जाते. न शिवता."

मोटार घेऊन चाचा आणि मी अक्काच्या घरी गेलो. जोडणी मी केली, म्हणून मोटार उलटी फिरली. चाचांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि दोन तारांची अदलाबदल केली. तीच मोटार सुलटी. व्यापारी दारात आला तेव्हा आडवा धागा नेणारा धोटा खडखडत इकडून तिकडं पळत होता. तो सूत तसंच ठेवून माघारी गेला.

मला चेव आला. "बघा अक्का, न शिवता अख्खा माग हलवला. असं नवल दुसरं दाखवा सोलापुरात."

अक्काची नजर कापडावरच होती.

"आमचं मालक गेलं तवापासनं माग मीच चालवते. पण एक धागा तुटून राहिला की अजून त्यांनीच पाठीमागनं खेकसल्यागत होतं, अन् हात आपसूक तिकडं जातो. आता सांग, मधी तार कुटं हाय?"