पुरसोचा टिटिकाका

भांड्याच्या दुकानातला न खपलेला माल आणि बाजारातले किस्से एकाच रीतीने साठतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. एक कळशी खपत नाही म्हणून वरच्या फळीवर जाते, तिच्या शेजारी दुसरी बसते, त्यावर एखादं ताट उपडं पडतं. मग एके दिवशी भलतंच काही काढायला हात वर घालावा, तर सगळा ढीग खणखणत अंगावर! परवा तसंच झालं. दुकानात चहा चालला होता. कोणीतरी मोबाइलवर जनरल नॉलेजचे प्रश्न वाचत होतं आणि त्यात एका तलावाचं नाव आलं. आम्ही सगळे एकदम हसलो. मग एकेकाने रस्त्यापलीकडे बघितलं.

पुरसोला जाऊन दोन गणेशचवथी झाल्या.

पुरसो म्हणजे पुरुषोत्तम. डिचोलीच्या बाजारात माझं भांड्यांचं दुकान आणि रस्त्याच्या पलीकडे त्याची फार्मसी. मी सातवीतून उठून गल्ल्यावर बसलो. माझं पुढचं सगळं शिक्षण पुरसोने समोरून ओरडून केलं!

* * *

रोज सकाळी दोघांची शटरं वर गेली की त्याचा प्रश्न यायचा. "बाबल, जपानचं चलन?" "बाबल, पेनिसिलिन कोणी शोधलं?" उत्तर दिल्याशिवाय उदबत्ती लावायची सोय नाही.

खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या मधून खनिजाचे ट्रक जात. प्रश्न अर्धा इकडे पोचायचा, अर्धा ट्रकाखाली जायचा. एकदा तो ओरडला, "बाबल, जगातली सगळ्यात लांब..." ट्रक गेला. मी छाती फुगवून ओरडलो, "नाईल!"

"नाईल भिंत आहे काय रे? मी भिंत विचारली!"

अख्खा बाजार हसला. त्या दिवशी भांडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा "नाईलची कढई दाखवा" म्हणालं.

पुढे खाणी बंद झाल्या. ट्रक गेले, ट्रकवाले गेले, खानावळी ओस पडल्या. एका सकाळी पुरसोचा प्रश्न अगदी शेजारी बसून विचारल्यासारखा स्वच्छ आला. दोघेही थबकलो.

"बघ," पुरसो म्हणाला, "आता प्रश्न अख्खा ऐकू येतो. गिऱ्हाईक तेवढं ऐकू येत नाही."

* * *

चवथीला आमच्या बाजारच्या गणपतीपुढे क्विझ व्हायची. प्रश्न विचारायला निवृत्त हेडमास्तर कामत सर. मंडळाकडे बझर कुठला? मग प्रत्येक टीमसमोर माझ्या दुकानातलं स्टीलचं एकेक ताट आणि पळी. ज्याचं ताट आधी वाजेल त्याचं उत्तर. पुरसोच्या ताटाला इतके पोचे पडले होते की ते मी विकायला काढलंच नाही. दरवर्षी तेच.

त्याची घाई अशी, की प्रश्न पुरा होऊ द्यायचाच नाही. एकदा सरांनी सुरुवात केली, "गोव्याचा राज्य..."

टण्! "गवा!"

"पुरुषोत्तम, प्रश्न 'राज्यपक्षी कोणता' असा होता."

"बुलबुल! आणि आधी दिलेला गवा पुढच्या प्रश्नाला आगाऊ जमा धरा, सर!"

लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी हातातला कागद बघितला आणि घडी करून खिशात घातला. पुढचा प्रश्न राज्यप्राण्याचाच होता!

उत्तर चुकलं तर गुण कापले जायचे. त्याची पुरसोला पर्वा नव्हती. त्याला राग एकाच शब्दाचा. उत्तर येत नसेल तर बाकी सगळे "पास" म्हणून मोकळे व्हायचे आणि प्रश्न पुढच्या टीमकडे जायचा. पुरसो त्याच्या टीममध्ये बसलेल्या मला टेबलाखालून लाथ मारायचा. "चुकलास तरी चलता रे बाबल, पास म्हणू नको! पास म्हणजे दुकान बंद!"

त्या सगळ्या वर्षांत तो एकदाही पास म्हणाला नाही.

* * *

बक्षिसं माझ्या दुकानातलीच. क्विझ संपली की स्टेजच्या कोपऱ्यात मी नावं घालायची मशीन घेऊन बसायचो. जिंकणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे भांड्यावर घालून द्यायचं. पुरसोच्या घरी डबे, वाट्या, तांबे, सगळ्यांवर एकच नाव.

सुलभा वहिनी एकदा माझ्यासमोर आमटी वाढताना म्हणाल्या, "भाऊजी, घरात आमटी कमी, वाट्या जास्त. आणि सगळ्यांवर ह्यांचंच नाव! चोराने नेल्या तर मला माझ्या म्हणून सांगता यायच्या नाहीत."

क्विझला त्या कधी आल्या नाहीत. जनरल नॉलेजचं आणि त्यांचं वाकडं. जेवताना पुरसोने विचारलं, "अगो, पेरूची राजधानी कोणती?"

"म्हापसा!" वहिनी म्हणाल्या. "शुक्रवारच्या बाजारात जाऊन बघा. टोपल्याच्या टोपल्या!"

पुरसोने हात जोडले. पण मला वाटतं, हे उत्तर त्याला लिमापेक्षा जास्त आवडलं होतं.

* * *

ती सकाळ नेहमीसारखीच. शटर वर झालं आणि पलीकडून प्रश्न आला. "बाबल! जगातला सगळ्यात उंचावरचा तलाव, ज्यात मोठ्या बोटी चालतात?"

मी वजनकाटा पुसत होतो. म्हटलं, "पास."

"पास म्हणू नको रे!" तो हात नाचवत त्याच्या दुकानाच्या पायरीवर आला. "टिटिकाका! टिटि..." आणि मला वाटलं, पाय घसरला.

पाय घसरला नव्हता. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. हॉस्पिटलात तो शुद्धीवर आल्यावर वहिनींनी विचारलं, "पाणी देऊ?" पुरसोने तोंड उघडलं. बाहेर आलं, "टिटिकाका."

कळत त्याला सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. हजारो शब्दांतला एखादाच मागे राहतो. काहीही म्हणायला गेला की तोच बाहेर पडतो; दुसरा निसटला तर कधीतरी, एखादाच.

जगातले सगळे देश, राजधान्या, शोध, राजे ज्याच्या जिभेवर होते, त्याच्या जिभेवर एकच तलाव उरला.

* * *

घरी बसून तो कंटाळायचा, म्हणून वहिनी त्याला फार्मसीत आणून बसवायच्या. औषधं द्यायला एक शिकलेली मुलगी ठेवली होती. ती एकदा आत गेली असताना दोडामार्गाकडची एक म्हातारी आली. तिने गुडघा दाखवला आणि विचारलं, "ह्येच्यावर चांगली गोळी खंयची रे बाबा?"

पुरसोने कळकळीने सांगितलं, "टिटिकाका."

म्हातारी मान डोलवून बस पकडायला गेली. पुढच्या आठवड्यात परत हजर! "मेल्या, म्हापशाक चार दुकानांनी विचारलंय. खंयच गावाक नाय! ती गोळी तुझ्याकडेच मिळता काय?"

मी रस्ता ओलांडून धावलो आणि तिला सगळं सांगितलं. म्हातारी पुरसोकडे बघत राहिली. मग पिशवीतून दोन शहाळी काढून काउंटरवर ठेवली आणि त्याच्या लुळ्या हातावरून हात फिरवून गेली. गोळी न घेता!

* * *

मोठ्या हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मी माझ्या व्हॅनमधून दोघांना घेऊन जायचो. बाई चित्रांची कार्डं दाखवायच्या. आंबा. "टिटिकाका." बाई मान हलवायच्या. गाय. "टिटिकाका." पुन्हा मान. मग एक कार्ड आलं, डोंगर आणि मध्ये निळंशार पाणी.

"टिटिकाका!"

"नाही, काका. त-ला-व."

"बाई," वहिनी एकदम म्हणाल्या, "ह्या खेपेला त्यांचं बरोबर आहे!"

आम्ही पोट धरून हसलो. पुरसोसुद्धा अर्ध्या तोंडाने हसला. बाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्याही हसल्या. मग वहिनींकडे बोट करून त्यांनी विचारलं, "आणि ह्या कोण? नाव सांगा बघू."

पुरसो वहिनींकडे बघत राहिला. ओठ जुळवायचा, सोडायचा, पुन्हा जुळवायचा. कपाळावर घाम आला. शेवटी आलं तेच आलं. त्याने मान खाली घातली.

परतताना वहिनी व्हॅनमध्ये बाहेर बघत म्हणाल्या, "भाऊजी, बोलत होते तेव्हा 'अगो'. लग्नात घास भरवताना एकदा नाव घेतलं, तेही भटजींनी सांगितलं म्हणून. मला वाटायचं, दुकान सोडून घरी बसतील तेव्हा हाक मारतील नावाने. आता 'टिटिकाका'!"

मागच्या सीटवरून आवाज आला, "टिटिकाका."

"हो, काच वर करते," वहिनी म्हणाल्या आणि काच वर केली. त्यांना सगळे टिटिकाका कळायला लागले होते. आखूड म्हणजे पाणी. लांबवला म्हणजे दुखतंय. शेवटी वर चढला म्हणजे बाबल आला काय.

"एकच कळत नाही," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी दिवा लावून मी जवळ बसते ना, तेव्हा म्हणतात. अगदी हळू, माझ्याकडे बघून. पाणी दिलं, नको. औषध, नको. पंखा लावला, नको. मग कसला तो?"

मी व्हॅन डिचोलीच्या रस्त्याला वळवली.

* * *

चवथ जवळ आली. एका सकाळी मी शटर वर केलं तर पुरसो माझ्या दुकानाच्या पायरीवर! डाव्या हाताने आत बोट दाखवत होता. वरच्या फळीवर त्याचं पोचे पडलेलं ताट होतं.

मी कामत सरांकडे गेलो. "सर, एक प्रश्न क्विझमध्ये घाला."

सर ताठ झाले. "बाबल, इतक्या वर्षांत मी सख्ख्या भाच्याला प्रश्न सांगितला नाही!"

"प्रश्न सांगा म्हणत नाही, सर. मी उत्तर घेऊन आलोय. त्याला प्रश्न तेवढा तुम्ही लावा."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "किती गुणांचा?"

"गुण नकोत. पुरसोचा एकतरी शब्द बरोबर जाऊ दे."

पेडण्याची टीम म्हणजे आमचे जुने वैरी. तिघेही मास्तर, म्हापशाला बस बदलून दरवर्षी आम्हाला हरवायला यायचे. त्यांच्या देसाई मास्तरांना आणि साखळीच्या टीमलाही मी मंडपाबाहेर गाठून सांगितलं, एका प्रश्नाला ताट वाजवू नका.

"कुठला प्रश्न ते कळायचं कसं?" देसाई मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, "कळेल."

* * *

मंडप भरला होता. पुरसो माझ्या शेजारी, पळी डाव्या हातात. त्याला सांभाळायला वहिनी पहिल्यांदाच क्विझला आल्या होत्या, मागे खांबापाशी उभ्या होत्या. प्रश्न येत होते, जात होते. पुरसो प्रत्येक वेळी पळी उचलायचा आणि खाली ठेवायचा.

मग सर म्हणाले, "जगातला सर्वांत उंचावरचा, मोठ्या बोटी चालणारा तलाव कोणता?"

टण्!

सगळ्या बाजाराला उत्तर पाठ होतं. पुरसो टेबलाला धरून उभा राहिला. त्याने सरांकडे बघितलं. सर कागदात बघत होते. माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. मग त्याने पेडण्याच्या टेबलाकडे बघितलं. देसाई मास्तर दोन्ही हात मांडीवर ठेवून शाळेतल्या पोरासारखे बसले होते. तिथे पुरसो बराच वेळ बघत राहिला.

त्याने ओठ जुळवले.

"पास," पुरसो म्हणाला. आणि बसला.

सरांच्या हातातला माइक कुरकुरला. नियम म्हणजे नियम. "प्रश्न पेडण्याकडे."

देसाई मास्तरांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. "पास."

"साखळी?"

"पास."

"प्रेक्षक?" सरांनी मंडपावर नजर फिरवली. "प्रेक्षकांपैकी कोणी?"

एकही हात वर होईना. मग मागे खांबापाशी एक हात वर आला, कोपरापर्यंत पदर गुंडाळलेला.

"टिटिकाका," सुलभा वहिनी म्हणाल्या.

"बरोबर," सर म्हणाले आणि त्यांनी माइक खाली ठेवला.

प्रेक्षकांतून उत्तर देणाऱ्याला वाटी. मी उठून स्टेजच्या कोपऱ्यात मशीनपाशी गेलो. वहिनी पुरसोला धरून तिथे घेऊन आल्या. मी वाटी हातात धरून नेहमीसारखं विचारलं, "नाव काय घालू?"

पुरसोने वहिनींकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाला, "टिटिकाका."

मी मशीन चालू केली आणि वाटीवर 'सुलभा' घातलं.